वाचकांचे प्रश्न : हा डब्ल्यूएमआय कोण, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये काय करतोय?

या वेळच्या पत्रांत बहुतेकांचं दुखणं एकच आहे, मशीन स्लो झालंय, टास्क मॅनेजर उघडला, त्यात एक भलतंच नाव दिसलं आणि धडकी भरली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी, आज फक्त हेच.

प्रश्न : ताई, माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे, विंडोज ११. गेले पंधरा दिवस पंखा सतत घोंगावतोय, टाईप केलेलं अक्षर उमटायला वेळ लागतो. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' असं काहीतरी सगळ्यात वर बसलेलं असतं, सीपीयू २५ टक्के, ना कमी ना जास्त. मी असलं काही टाकलेलं नाही. एंड टास्क केलं की मिनिटभर शांत, परत हजर. भाऊ म्हणतो व्हायरस आहे, सरळ फॉरमॅट मार. एका ठिकाणी वाचलं की ती फाईलच डिलीट करायची. काय करू?

उत्तर : फॉरमॅट नको आणि डिलीट तर अजिबातच नको. २००२ साली एक ईमेल फिरला होता, की तुमच्या विंडोजमध्ये टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाईल आहे, तो व्हायरस आहे, अँटिव्हायरसला सापडत नाही, तेव्हा हाताने उडवा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी भराभर उडवली. ती फाईल विंडोजचीच होती, जावा डीबगरच्या (प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या टूलच्या) कामाची. म्हणजे व्हायरस लिहायचीही गरज पडली नाही, लोकांनी आपल्याच हाताने आपल्याच फाईली पुसल्या. नाव अनोळखी आहे एवढ्यावरून निकाल दिला की असं होतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'ना कमी ना जास्त'. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू निवडलात की खाली 'लॉजिकल प्रोसेसर्स' असा आकडा दिसतो. तुमच्याकडे तो बहुतेक ४ असणार. १०० भागिले ४ म्हणजे २५, म्हणजे चारपैकी एक जण पूर्ण वेळ कशात तरी अडकलाय आणि बाकीचे तिघं मोकळे आहेत. ८ असते तर हाच आकडा साडेबाराच्या आसपास दिसला असता. खरंखुरं काम करणाऱ्या प्रोग्रामचा आकडा वरखाली नाचत असतो, आणि जो एकाच जागी खिळून बसतो तो बहुतेक वेळा तेच तेच काम गोल गोल करत असतो. (हे बघायला डिटेल्स टॅबमधला आकडा घ्या, प्रोसेसेस टॅबमधला थोडा वेगळा दिसू शकतो.)

आता हा डब्ल्यूएमआय कोण? विंडोजमधली चौकशीची खिडकी समजा. बॅटरी किती उरली, डिस्क ठणठणीत आहे का, रॅम किती, कुठलं सॉफ्टवेअर टाकलंय, अशी माहिती ज्या प्रोग्रामला हवी असते तो या खिडकीवर येऊन विचारतो आणि हा बिचारा उत्तरं देतो. कुणी विचारलंच नाही तर तो गप्प बसून असतो. तुमच्याकडे तो चोवीस तास राबतोय म्हणजे कुणीतरी त्याला सारखं विचारत सुटलंय. तुम्ही एंड टास्क करता तेव्हा खिडकीवरच्या माणसाला घरी पाठवता, पण समोर उभा असलेला गिऱ्हाईक तसाच आहे, तो परत बेल वाजवतो आणि विंडोज नवा माणूस बसवतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तेव्हा विचारणारा शोधायचा. स्टार्टवर राईट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर. डावीकडे ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात खूप खाली डब्ल्यूएमआय ॲक्टिव्हिटी, त्यात ऑपरेशनल. इथपर्यंत पोचेपर्यंत कंटाळा येतो पण पोचा. मधल्या यादीत लाल खुणेच्या ५८५८ नंबरच्या एररी दिसतील. त्यातल्या सगळ्यात ताज्या एररीवर क्लिक केलं की खाली एक लांबलचक, वाचवणार नाही असं वाक्य येतं, ते सगळं वाचायची गरज नाही, त्यात 'क्लायंट प्रोसेस आयडी' एवढं शोधा. त्याच्यापुढे समजा ५३१२ लिहिलंय. हा नंबर लिहून घ्या, टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जा, पीआयडी (म्हणजे प्रोसेस आयडी) कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून नंबर क्रमाने लावा आणि ५३१२ कोण आहे ते बघा. विचारणारा तो. मात्र मशीन रिस्टार्ट केलं की नंबर बदलतात, तेव्हा कालची एरर आणि आजचा टास्क मॅनेजर असं जुळवू नका, भलत्याचंच नाव निघेल.

असा विचारणारा बहुतेक वेळा कोण निघतो? लॅपटॉप कंपनीने आधीच भरून दिलेलं 'मशीनची काळजी घेणारं' ॲप, प्रिंटरचा शाई दाखवणारा प्रोग्राम, दुसरा अँटिव्हायरस, कीबोर्डचे रंगीत दिवे चालवणारं सॉफ्टवेअर, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसने बसवलेला नोंदी ठेवणारा एजंट. माझ्या स्वतःच्या मशीनवर कोण निघालं सांगू? पंखा का फिरतोय ते कळावं म्हणून मीच टाकलेलं तापमान दाखवणारं विजेट. दर सेकंदाला ते विचारत होतं किती तापलंय, किती तापलंय, आणि त्या विचारण्यानेच तापत होतं. कुंपणच शेत खात होतं आणि मी दोन दिवस चोर बाहेर शोधत होते.

सापडला की त्याचा अपडेट बघा, नाहीतर काढून टाका. एजंट ऑफिसचा असेल तर स्वतः काढू नका, पीआयडीचा आणि त्या एररीचा फोटो आयटीवाल्यांना पाठवा, 'लॅपटॉप स्लो आहे' एवढंच म्हणालात तर ते रिस्टार्ट करा म्हणतील.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काहीच नाही सापडलं तर? शक्य आहे, कारण तिथे फसलेले प्रश्नच नोंदले जातात, नीट उत्तर मिळालेले नाहीत. मग वेळखाऊ पण हमखास रस्ता. रनमध्ये (स्टार्टवर राईट क्लिक केलं की दिसतं) एमएसकॉन्फिग टाईप करा, सर्व्हिसेस टॅब, खालच्या 'हाईड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर आधी टिक करा. ही टिक विसरलात तर विंडोजच्याच सर्व्हिसेस बंद करून बसाल, म्हणून परत सांगते, आधी टिक. मग ज्या उरल्या त्या सगळ्यांच्या खुणा काढा, टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबवरचंही सगळं डिसेबल करा, रिस्टार्ट. शांत झालं? म्हणजे चोर यांच्यातलाच आहे. आता अर्ध्या चालू करा, रिस्टार्ट, बघा. मग ज्या अर्ध्यात त्रास आहे त्याचे परत अर्धे. सोळा सर्व्हिसेस असतील तर चार फेऱ्यांत एकावर येता, एकेक बंद करून बघत बसलात तर अख्खा रविवार जातो.

आणि भावाच्या समाधानासाठी व्हायरसचंही तपासून टाका. डिटेल्स टॅबमध्ये त्या प्रोसेसवर राईट क्लिक, ओपन फाईल लोकेशन. खरी फाईल सी ड्राईव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये, सिस्टीम ३२ च्या (कधी सिसवॉव ६४ च्या) आत डब्ल्यूबीईएम नावाच्या फोल्डरमध्ये असते. तिथेच उघडलं तर फाईल विंडोजची आहे. टेम्प, डाऊनलोड्स किंवा ॲपडेटा असल्या ठिकाणी उघडलं तर मात्र भाऊ बरोबर असू शकतो.

प्रश्न : सर्व्हिस होस्ट नावाच्या मी मोजल्या तर ७४ प्रोसेस चालू आहेत. जुन्या कॉम्प्युटरवर दहा-बाराच असायच्या. एक खरी आणि बाकीच्या व्हायरसच्या असं असतं का? आणि त्यातली खोटी कशी ओळखायची?

उत्तर : सत्तर-ऐंशी असणं आता अगदी नॉर्मल आहे. विंडोजच्या बऱ्याचशा सर्व्हिसेस स्वतःच्या पायावर चालत नाहीत, त्यांना एक गाडी लागते, ती गाडी म्हणजे हा सर्व्हिस होस्ट, फाईलचं नाव एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एका गाडीत दहा-पंधरा सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या, एक बिघडली की सगळी गाडी बंद आणि नेमकी कुठली बिघडली तेही कळायचं नाही. २०१७ मध्ये विंडोज १० चा क्रिएटर्स अपडेट आला तेव्हापासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसला आपापली गाडी मिळते. गाड्या वाढल्या, प्रवासी तेच. थोडी रॅम जास्त जाते खरी, पण मला हा बदल आवडतो, कारण आता प्रोसेसेस टॅबमध्ये नावाच्या अलीकडचा बाण दाबला की आत नेमकं कोण बसलंय ते लगेच दिसतं. सीपीयू खाणाऱ्या गाडीत विंडोज अपडेट बसलेलं असेल तर तासभर वाट बघा.

खोटी ओळखायची तर स्पेलिंग अक्षर अक्षर बघा. मधला 'ओ' काढून शून्य टाकणं, व्ही आणि सी ची अदलाबदल करणं हे जुने खेळ आहेत आणि घाईत वाचताना भले भले फसतात. दुसरं म्हणजे पत्ता, खरी फाईल सिस्टीम ३२ मध्ये असते, कधी सिसवॉव ६४ मध्ये. तिसरं म्हणजे तिला सुरू कोणी केलं. हे टास्क मॅनेजर सांगत नाही, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच प्रोसेस एक्सप्लोरर नावाचं फुकट टूल घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साईटवरूनच घ्या. मार्क रुसिनोविच आणि ब्राईस कॉग्सवेल या दोघांच्या सिसइंटर्नल्सचं हे टूल, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. त्यात सगळ्या प्रोसेस वंशावळीसारख्या दिसतात, कोणाच्या पोटी कोण. खरा सर्व्हिस होस्ट 'सर्व्हिसेस' नावाच्या प्रोसेसच्या पोटी असतो. वर्ड किंवा ब्राउझरच्या पोटी जन्मलेला दिसला तर इंटरनेट बंद करा आणि आधी स्कॅन लावा.

एक चूक बरेच जण करतात म्हणून सांगते, फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा टॅब नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. विंडोजच्या कितीतरी अस्सल फायलींच्या सह्या फाईलमध्ये नसून वेगळ्या कॅटलॉगमध्ये ठेवलेल्या असतात. प्रोसेस एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' चालू करा, तो कॅटलॉगही तपासून घेतो. तिथेच व्हायरसटोटलचा पर्याय आहे, तो फाईल न पाठवता फक्त तिचा ठसा पाठवून डझनावारी अँटिव्हायरसचं मत आणून देतो. सत्तरपैकी एखाद्याच अँटिव्हायरसने बोट दाखवलं तर घाबरू नका, तीस जणांनी दाखवलं तर घाबरा.

प्रश्न : माझं प्रकरण विचित्र आहे. पीसी नुसता चालू ठेवला की दहा मिनिटांनी पंखा जोरात. टास्क मॅनेजर उघडला की दोन सेकंदांत शांत आणि यादीत काहीच नाही, सीपीयू ३ टक्के. बंद केला की परत सुरू. भूत आहे का हो?

उत्तर : भूत नाही, पण याचे दोन अर्थ निघतात, एक साधा आणि एक वाईट.

साधा असा की विंडोज आपली घरकामं तुम्ही मशीनला हात लावत नसताना उरकून घेतं, डिफेंडरचं स्कॅन, सर्चची अनुक्रमणिका, डिस्कची आवराआवर. त्याची ठरलेली वेळ पहाटे २ ची, पण तेव्हा तुमचा पीसी बंद असतो, मग दिवसा जरा सवड मिळाली की ते कामाला लागतं. तुम्ही माऊस हलवला की आवरतं घेतं. म्हणून आधी एवढं करा, पंखा जोरात असताना टास्क मॅनेजर न उघडता नुसता माऊस हलवा, एखादी फाईल उघडा, चार ओळी टाईप करा. तेवढ्याने शांत झालं तर बहुतेक हेच, सोडून द्या.

माऊस हलवून, टाईप करून काही फरक नाही, आणि टास्क मॅनेजर उघडल्यावरच गप्प होतं, तर दुसरा अर्थ. तुमच्या मशीनवर कुणीतरी स्वतःसाठी क्रिप्टो नाणी पाडतंय, बहुतेक मोनेरो, कारण ती साध्या सीपीयूवरही पाडता येतात. असे नाणी पाडणारे प्रोग्राम म्हणजे मायनर, ते लिहिणारे हुशार असतात, टास्क मॅनेजर उघडलेला दिसला की काम थांबवायचं असं त्यात लिहूनच ठेवतात. म्हणजे यादीत काही दिसत नाही हाच पुरावा. खात्री करायची तर प्रोसेस एक्सप्लोररची फाईल डाऊनलोड करा, तिचं नाव बदलून काहीही ठेवा, अबक ठेवा, आणि मग उघडा. काही मायनर फक्त नावं ओळखतात, नाव बदललं की बेसावध राहतात आणि ७०-८० टक्के सीपीयू खाताना रंगेहाथ सापडतात. सगळे इतके भोळे नसतात, काही या चाचणीतही गप्प राहतील.

सापडो न सापडो, विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाईन स्कॅन लावा. हातातलं काम सेव्ह करून ठेवा कारण मशीन लगेच रिस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. आत लपलेल्याला तेव्हा लपायला जागाच नसते. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतल्या एक्सक्लुजन्सची यादी उघडून बघा, हे कुणी बघत नाही. मायनर आत शिरला की पहिलं काम तेच करतो, स्वतःचं फोल्डर 'इथे तपासू नका' या यादीत घालतो. तुम्ही न घातलेलं काही तिथे दिसलं तर काढून टाका आणि परत स्कॅन. मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारी यादी, तिथे दर काही मिनिटांनी ॲपडेटामधली एखादी फाईल चालवणारं टास्क असेल तर पुन्हा पुन्हा उगवण्याचं मूळ तेच.

आणि एक विचारते, रागावू नका, एखादं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा गेम टाकलाय का? टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलं होतं का? बहुतेक पत्रांत हा भाग शेवटच्या ओळीत, हळूच येतो. तुमच्या पत्रात तो आलाच नाहीये. तसं असेल तर नुसत्या स्कॅनवर मी समाधान मानणार नाही, दुसऱ्या मशीनवरून महत्त्वाचे पासवर्ड बदला, डेटा बाजूला काढा, आणि इथे मात्र फॉरमॅटला माझी ना नाही.

प्रश्न : विंडोजवाल्यांचंच चाललंय. मॅकवर कर्नल टास्क ३०० टक्के सीपीयू घेतंय, शंभराच्या वर कसं जातं आणि ते मारायचं कसं?

उत्तर : मॅकचा ॲक्टिव्हिटी मॉनिटर प्रत्येक कोअरचे शंभर धरतो, म्हणून ३०० म्हणजे तीन कोअर. आणि मारता येत नाही, येऊही नये. कर्नल टास्कचं एक काम मशीन तापलं की सीपीयू अडवून धरणं हे आहे, म्हणजे इतरांना तो कमी मिळावा आणि गरमी उतरावी. तो तुमची वाट अडवतोय खरा पण आग लागू नये म्हणून. गरम कोण करतंय ते बघा, यादीत त्याच्या खालची दोन-तीन नावं, गादीवर ठेवलेला लॅपटॉप, धुळीने भरलेली जाळी. खाली एमडीएस किंवा एमडीवर्कर दिसलं तर ते स्पॉटलाईट, म्हणजे मॅकचा सर्च, नुकताच अपडेट झाला असेल किंवा मोठी डिस्क जोडली असेल तर काही तास चालतं आणि आपसूक थांबतं.

प्रश्न : कॉम्प्युटर कासवासारखा चालतो. डिटेल्समध्ये बघितलं तर 'सिस्टीम आयडल प्रोसेस' ९७ टक्के सीपीयू खातंय! एंड टास्क केलं तर होत नाही म्हणतंय. कसं बंद करू?

उत्तर : ते खात नाहीये, उरलंय. आयडल म्हणजे रिकामा, सीपीयूचा ९७ टक्के वेळ कामाशिवाय जातोय एवढाच त्याचा अर्थ, आणि रिकामपण एंड टास्क करता येत नाही.

पण तुमच्या पत्राचा खरा उपयोग इथेच आहे, सीपीयू रिकामा बसलाय आणि तरी मशीन कासव, म्हणजे सीपीयूला दोष नाही, तो कुणाची तरी वाट बघतोय. प्रोसेसेस टॅबवर डिस्कचा कॉलम बघा. तिथे १०० टक्के असेल तर रनमध्ये रेसमॉन टाईप करून रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्क टॅब, त्यातल्या डिस्क ॲक्टिव्हिटीमध्ये 'टोटल'च्या डोक्यावर क्लिक करा. कुठली प्रोसेस कुठली फाईल वाचतेय-लिहितेय ते नावानिशी दिसतं. पेजफाईल डॉट सिस हे नाव सारखं वर येत असेल तर रॅम पुरत नाहीये. कुठलीच फाईल फारशी वाचली जात नाहीये, वेग अगदी किरकोळ, आणि तरीही डिस्क १०० टक्के आणि रिस्पॉन्स टाईमचे आकडे हजारात, तर डिस्कच आजारी पडत असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी प्रोसेस शोधत बसू नका, आजच्या आज बॅकअप घ्या. मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे का एसएसडी, आणि रॅम किती, हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते आणि रिसोर्स मॉनिटरचा एक फोटो पाठवा, पुढच्या वेळी तुमचाच प्रश्न पहिला घेते.